पाठदुखी, क्रूझर आणि शॉकप

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवार असल्यामुळे दवाखान्यात बरीच गर्दी होती. अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण कमरेवर हात ठेवून, जरासा वाकूनच आत आला. हातात एक्स-रेचा लिफाफा, कमरेला पट्टा आणि चेहऱ्यावर सहा महिन्यांचा वैताग. मौद्याहून नागपूरला रोज नोकरीला जातो. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. "डॉक्टरसाहेब, गोळी घेतली का बरं वाटते, गाडीवर बसलो का पुन्हा सुरू," असे त्याचे म्हणणे.

एक्स-रेमध्ये काळजी करण्यासारखे काही नव्हते. पायात मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. मी त्याला विचारले, "गाडी कोणती?" त्याने मोठ्या कौतुकाने खिडकीबाहेर बोट दाखवले. बाहेर त्याची क्रूझर उभी होती. लांब, बुटकी, रुंद हँडलची, पाय पुढे पसरून बसायची. नवा सायलेन्सर, नवे आरसे, जादा दिवे, टाकीवर रंगीत चित्र. मी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला आणि त्याच्याबरोबर बाहेर गेलो. पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटले. चिमटा धपकन खाली गेला आणि स्प्रिंगच्या खाटेसारखा तीन-चार वेळा वर-खाली होत राहिला. चिमट्याच्या नळीवर तेलाचा काळा ओघळ होता आणि त्यावर धूळ चिकटली होती. मागचे दोन्ही शॉकप सर्वात कडक खाचेवर लावलेले होते. ते जागचे हलेनात.

"सायलेन्सरला किती खर्च केलास?" मी विचारले. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी गप्प बसलो. "आणि शॉकपला?" तो हसला. "त्याले काय झालं साहेब? गाडी तर बढिया चालते!"

वाचकहो, गाडी चालते, पण पाठ चालत नाही. आजचा लेख याच विषयावर आहे. आरोग्याच्या सदरात गॅरेजचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण चिखलवाटेने चालणाऱ्याला चप्पल घाल म्हणून सांगणे जसे डॉक्टरचे काम आहे, तसेच रोज दीड-दोन तास दुचाकीवर बसणाऱ्याला त्याच्या गाडीचे शॉकप तपास म्हणून सांगणे हेही डॉक्टरचेच काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रूझरची बैठक

क्रूझर हा गाडीचा प्रकार अमेरिकेतून आला. लांबच लांब सरळ रस्ते, दिवसभराचा प्रवास, म्हणून सीट खाली, हँडल उंच आणि पाय पुढे. आपल्याकडे हा थाट सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला तो बजाज कंपनीने. कावासाकीच्या साहाय्याने २००१ मध्ये 'एलिमिनेटर' आली आणि २००५ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर'. २००२ मध्ये रॉयल एन्फिल्डची 'थंडरबर्ड' आली आणि २०२० मध्ये 'मीटिऑर'. आता आमच्या मौदा तालुक्यातही तारसा, अरोली, कोदामेंढी, खात अशा गावांतून धानाच्या बांध्यांच्या कडेने ही गाडी धावताना दिसते. दिसायला रुबाबदार, यात शंका नाही. मीसुद्धा पन्नाशी ओलांडल्यावर एक घेतली. म्हणजे पुढचे बोल अनुभवाचे आहेत.

या बैठकीत एक गोम आहे. साध्या मोटारसायकलवर पाय शरीराच्या जवळजवळ खाली असतात. खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर जोर देतो, बूड जरासे उचलतो आणि धक्का गुडघ्यांत, मांड्यांत जिरतो. देवाने दिलेले हे दोन शॉकपच आहेत. क्रूझरवर पाय पुढे असतात. पुढे पसरलेल्या पायांवर उभे राहता येत नाही. खुर्चीवर बसून पाय समोर लांब करा आणि हात न टेकता उठून पाहा, म्हणजे कळेल. खड्ड्याचा सगळा मार मग थेट माकडहाडावर आणि तिथून मणक्यांत.

दुसरी गोष्ट अशी की, पाय पुढे घेतले की ओटीपोटाचे हाड मागे कलते आणि कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. पाठीचा कणा बाजूने पाहिला तर इंग्रजी एस अक्षरासारखा असतो. हा बाक शोभेसाठी नाही. धक्का बसला की तो बाक स्प्रिंगसारखा काम करतो. बाक गेला की कणा सरळ काठीसारखा होतो, आणि काठीच्या एका टोकाला बसलेला ठोसा दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोचतो.

तिसरी गोष्ट शॉकपची. सीट खाली आणायची तर मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी राहते. म्हणून बहुतेक क्रूझरच्या मागच्या शॉकपची हालचाल तोकडी असते. ज्या गाडीवर मणक्याला शॉकपची सर्वात जास्त गरज, तिथेच शॉकपला जागा सर्वात कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

मणक्याच्या गादीचे काय होते?

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. मानेपासून कमरेपर्यंत अशा २३ गाद्या आहेत. बाहेर चिवट धाग्यांचे कडे आणि आत लिबलिबीत गर. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला पोषण मिळते ते आजूबाजूच्या हाडांतून झिरपून. दाब पडणे, दाब सुटणे, हालचाल होणे यांवर ती जगते. तासन् तास एकाच बैठकीत, वर सतत हादरे, ही अवस्था तिला मानवत नाही. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. पुढे झुकून, पोक काढून बसले की गादीवरचा दाब वाढतो, हे त्यांनी दाखवले आणि पुढच्या संशोधकांनाही तेच आढळले.

आता हादऱ्यांविषयी. प्रत्येक वस्तूला आपला एक ठेका असतो. झोका योग्य वेळी ढकलला तर थोड्या जोरानेही उंच जातो, अवेळी ढकलला तर अडतो. बसलेल्या माणसाच्या धडाचा ठेका साधारणपणे सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांचा असतो. खालून याच ठेक्यात हादरे आले की शरीर ते शोषण्याऐवजी वाढवते. पाठीचे स्नायू मग धड सावरण्यासाठी सतत आखडत राहतात आणि थकतात. ट्रॅक्टर, ट्रक आणि खाणीतली यंत्रे चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, हे जगभर मान्य झालेले आहे. अशा कंपनाची मोजणी कशी करावी याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती कंपन बसू द्यावे याची मर्यादा युरोपीय संघाने २००२ मध्ये ठरवून दिली. आपला मोटारसायकलवाला मात्र कोणत्याच मर्यादेत बसत नाही. त्याची मोजणी करणार कोण?

एक गंमत सांगतो. २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीने जाहीर सूचना दिली की, मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन थेट बसवू नका, कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो. मोपेड-स्कूटरसारख्या लहान इंजिनाच्या गाडीवर बसवायचाच असेल तर हादरे शोषणारी बैठक वापरा. त्यानंतर अशा बैठका घेणारे तरुण मी पाहिले आहेत. फोनच्या कॅमेऱ्याला हादरा लागू नये म्हणून पैसे मोजतात. स्वतःच्या तेवीस गाद्यांची आठवण मात्र एक्स-रे काढल्यावर होते!

शॉकप काम कसे करतो?

मोटारसायकलला धक्के सोसायची सोय पहिल्यापासून नव्हती. आमच्या वडीलधाऱ्यांनी सीटखाली जाड स्प्रिंगा असलेल्या गाड्या पाहिलेल्या आहेत. तेल भरलेला दुर्बिणीसारखा चिमटा बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये विक्रीच्या गाडीला बसवला. क्रूझरची जननी म्हणावी त्या हार्ले-डेव्हिडसनने मोठ्या गाडीला पुढचा तेलाचा चिमटा दिला १९४९ मध्ये आणि मागचे शॉकप १९५८ मध्ये. म्हणजे मधली नऊ वर्षे पुढे आराम आणि मागे आदळआपट. पुढचा आणि मागचा शॉकप हा एक जोडीचा संसार आहे, हे कळायला त्यांनाही वेळ लागला.

शॉकपमध्ये दोन गोष्टी असतात, स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती परत फेकते. तो परतीचा धक्का मारण्याचे काम तेल करते. बारीक छिद्रांतून तेलाला जावे लागते, त्यात धक्क्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होऊन जिरते. तेल गळाले, पातळ झाले किंवा जळून काळे झाले की उरते ती फक्त स्प्रिंग. त्या तरुणाची गाडी धपकन जाऊन तीन-चार वेळा उसळली, ती यामुळे.

मागच्या शॉकपला खाचांची एक चाकी असते. ती टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने फिरते. पुष्कळांचा असा समज आहे की चाकी कडक केली की शॉकप मजबूत झाला. हा समज चुकीचा आहे. चाकी फिरवल्याने स्प्रिंगची जात बदलत नाही, फक्त ती आधीच दाबली जाते आणि गाडी उंच उभी राहते. दोन माणसे आणि सामान असेल तेव्हा दोन-तीन खाचा वर घ्याव्यात, यासाठी ती सोय आहे. साठ किलोच्या एकट्या माणसाने शेवटच्या खाचेवर गाडी चालवली तर लहान खड्ड्याला शॉकप दबतच नाही. दबते ती गादी, आणि ती सीटची नव्हे, मणक्याची.

माझी स्वतःची चूक

मी गाडी घेतली तेव्हा पहिल्या महिन्यातच सौ. मागे बसायला नाखूश झाली. "अहो, तुम्ही पाय पसरून राजासारखे बसता, माझं इथे मागे कांडण होतं," असे ती म्हणाली. धान कांडणारे मुसळ जिने पाहिले आहे तिलाच ही उपमा सुचावी. ती बरोबर बोलत होती. मागे बसणारा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या वर बसतो. हँडलचा आधार नाही, खड्डा आधी दिसत नाही, त्यामुळे अंग सावरायला वेळ मिळत नाही.

मी काय केले? डॉक्टर असून अडाण्यासारखे केले. एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून मागचे शॉकप तेवढे बदलले. नवे शॉकप उंच आणि जड गाडीसाठीचे होते. पुढचा चिमटा तसाच ठेवला. गाडीचे मागचे अंग उचलले गेले, पुढचे आणखी झुकले. ब्रेक मारला की पुढचा चिमटा तळाला जाऊन ठक्क वाजायचा. एकदा सायंकाळी वळणावर समोर म्हैस आली, मी ब्रेक दाबला, आणि पुढचे चाक असे भरकटले की पोटात गोळा आला. पडलो नाही, एवढेच. घरी येऊन सौ.ला ते सांगितले नाही. आज या लेखातून सांगतो आहे.

मग नागपूरच्या एका जुन्या, जाणत्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पहिल्यांदा माझे वजन विचारले, सौ.चे विचारले, रोज किती जाता, कोणत्या रस्त्याने जाता हे विचारले. मला वाटले, हा तर माझ्यासारखीच रोग्याची हकीकत विचारतो आहे! त्याने पुढचा चिमटा उघडला. आतले तेल काळे झाले होते आणि त्याला कुजका वास येत होता. तेल, ऑइल सील, झिजलेले बुश बदलले. एका टोकाला वेटोळी जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब अशी स्प्रिंग घातली. ती लहान खड्ड्याला मऊ राहते आणि मोठ्या खड्ड्याला कडक होते. मागे मूळ उंचीचेच, पण आमच्या दोघांच्या वजनाला साजेसे, वायूचा दाब भरलेले शॉकप बसवले. वायूच्या दाबामुळे खराब रस्त्यावर आतल्या तेलाला फेस कमी येतो आणि तेल आपले काम करत राहते.

नंतर त्याने टेप घेऊन मोजमाप केले. ते कोणालाही घरी करता येण्यासारखे आहे, म्हणून सांगतो. गाडी उचलून मागचे चाक लोंबते ठेवावे आणि चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग हेल्मेटसह, नेहमीच्या बैठकीत गाडीवर बसावे, दोघांनी गाडी सरळ धरावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतला फरक शॉकपच्या एकूण हालचालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा. हालचाल ९० मिलिमीटर असेल तर हा फरक सुमारे २३ ते ३० मिलिमीटर. फार कमी भरला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक, फार जास्त भरला तर मऊ. पुढच्या चिमट्याच्या नळीवर रबरबँड चढवून ठेवले तर चिमटा किती दबतो तेही दिसते. रबरबँड रोज तळाला जात असेल तर समजावे की चिमटा दमला आहे.

ब्रेकरवरची मावशी

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला बसलो तो सांगतो. जवळच्या एका खेड्यातल्या, पासष्टी ओलांडलेल्या मावशी. मुलाच्या गाडीवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसून लग्नाला निघाल्या होत्या. सायंकाळची वेळ. रस्त्यावर गावकऱ्यांनी हौसेने घातलेला, पट्टे न मारलेला उंच ब्रेकर. मुलाला तो दिसलाच नाही. "मी वर उडाली अन् धपकन खाली बसली जी डॉक्टर, डोळ्यापुढे काजवेच आले," असे मावशी म्हणाल्या. गाडी पडली नाही. कोणाला खरचटलेही नाही. लग्न जेवून घरी आल्या. चार दिवस तेल लावून शेकत राहिल्या. पाचव्या दिवशी उठता येईना तेव्हा माझ्याकडे आणले. कमरेचा पहिला मणका समोरून दबून पाचरीसारखा झाला होता.

हा प्रकार दुर्मीळ नाही. गतिरोधकावर उसळून मणका मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत अनेक देशांतून आलेल्या आहेत. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. बरगड्यांनी ताठ धरलेला पाठीचा भाग संपून लवचीक कंबर जिथे सुरू होते, नेमक्या त्या सांध्यावर, म्हणजे पाठीच्या बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्याशी, हा मार एकवटतो. मावशींना तीन महिने पट्टा लागला. शेतातले काम सुटले ते सुटलेच. त्यांचा मुलगा गाडीवर पुष्कळ खर्च करणारा होता. त्याच्याही मागच्या शॉकपमधले तेल कधीच निघून गेले होते. तो माझ्यासमोर रडला. मी त्याला दोष दिला नाही, कारण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सांगायला हवे होते ते आमच्यासारख्यांनी.

गतिरोधक कसा असावा याचे निकष भारतीय रस्ते महासभेने घालून दिलेले आहेत. गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी सुखाने ओलांडते. त्यावर पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक हवा. आपल्याकडे रातोरात उभे राहणारे ब्रेकर म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला ओंडकाच. मुलाबाळांच्या काळजीने लोक ते घालतात हे मला समजते. पण त्याच काळजीने ते निकषाप्रमाणे घालावेत आणि चुना तरी मारावा, अशी माझी प्रत्येक गावाला हात जोडून विनंती आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, रस्ते चांगले करा म्हणावे, शॉकप कसले बदलता? रस्ते चांगले झालेच पाहिजेत. नागपूर-भंडारा महामार्ग, जुना ६ आणि आताचा ५३ क्रमांकाचा, चौपदरी झाल्यावर प्रवास किती बदलला हे आपण पाहिले आहे. पण महामार्ग सोडून गावाकडे वळले की खड्डे आहेतच. रस्त्यासाठी अर्ज करावेत, आंदोलन करावे, मत देताना आठवण ठेवावी. तोवर पाठ मात्र आपलीच आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. माझे म्हणणे असे की आधी खर्च करूच नका. आधी टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवा. चाकी आपल्या वजनाच्या खाचेवर आणा. चिमट्याचे तेल आणि सील बदला. चिमट्यात इंजिनाचे जुने ऑइल ओतणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. एवढ्याने पुष्कळांचे भागते. तरीही भागत नसेल तर पुढचे-मागचे मिळून, वजनाप्रमाणे बदला. सायलेन्सर, दिवे, चित्रे हे त्यानंतर. ज्याला गाडीवर हौसेने चार पैसे घालवायचेच आहेत, त्याने पहिला पैसा शॉकपवर घालवावा, एवढाच माझा आग्रह आहे.

तिसरा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले आहे. म्हणून चासी कापणे, चिमटा लांबवणे, गाडी आणखी बुटकी करणे असले उद्योग करू नयेत. त्या गाडीसाठीच बनवलेले, मूळ मापाचे भाग घ्यावेत आणि शंका असेल तर परिवहन कार्यालयात विचारावे.

शॉकप म्हणजे औषध नव्हे

इथे एक सावधानतेचा इशारा दिलाच पाहिजे. शॉकप बदलला की पाठ बरी, असे मी म्हणत नाही. खड्ड्याचा धक्का तो कमी करतो. इंजिनाची हातात येणारी थरथर त्याने जात नाही आणि वाकडी बैठकही सुधारत नाही. पाठदुखीची कारणे अनेक असतात. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, लघवी-शौचावरचा ताबा कमी झाला असेल, बसायच्या जागेची संवेदना गेली असेल तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पडल्या-आपटल्यानंतरची दुखणी यांतही घरी तेल चोळत बसू नये.

बाकीच्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात. मागच्या खिशातले जाड पाकीट काढून ठेवावे. त्यावर बसल्याने कंबर तिरकी होते आणि नस दबते. हँडल हात लांब ताणून धरावे लागत असेल तर जवळ आणून घ्यावे. पाऊण तास गाडी चालवली की पाच मिनिटे उतरून चालावे, मागे वाकून कंबर मोकळी करावी. पाठ दुखते म्हणून आठ-आठ दिवस अंथरुणात पडून राहू नये. झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहिलेले बरे. सेतुबंधासनासारखे साधे व्यायाम शिकून घ्यावेत. ज्येष्ठ बायाबापड्यांना आणि गरोदर बायकांना शक्यतो एसटीने किंवा चारचाकीने न्यावे. गाडीवर न्यावेच लागले तर दोन्हीकडे पाय टाकून बसवावे, ब्रेकर आला की आधी आवाज द्यावा आणि गाडी पायी चालण्याच्या वेगावर आणावी. हेल्मेट दोघांनाही हवे.

तो तरुण तीन आठवड्यांनी परत आला. चिमट्याचे तेल-सील बदलले होते, मागची चाकी दुसऱ्या खाचेवर आणली होती, पाकीट पुढच्या खिशात गेले होते. मी दिलेले व्यायाम मात्र त्याने अर्धेच केले होते, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. दुखणे पूर्ण गेले नव्हते, पण संध्याकाळची गोळी सुटली होती. जाताना दारात थांबून म्हणाला, "साहेब, माय बी बसते कधीकधी मागे. नवे शॉकप घेतो म्हणतो पुढच्या महिन्यात, दोन्हीकडचे."

मी त्याला म्हटले, "घे. पण आधी मायचे वजन विचारून घे, आणि तेच मिस्त्रीला सांग."